नळाचा एरेटर: पाणी कुठे वाचतं, कुठे नुसता वेळ जातो

नळाच्या तोंडाशी आट्यांवर बसणारी बोटाच्या पेराएवढी जाळी म्हणजे एरेटर. प्लंबर तिला नुसतं ‘जाळी’ म्हणतात. पाणी वाचवण्यासाठी विकत मिळणाऱ्या वस्तूंमध्ये ही सगळ्यात लहान, आणि भिंत न फोडता दोन मिनिटांत बसणारी. वेष्टनावर ‘५० टक्के बचत’ किंवा ‘७० टक्के बचत’ असं ठळक छापलेलं असतं. तो आकडा एका ठरावीक दाबाचा असतो. आपल्या नळाला तो दाब आहे का आणि त्या नळावर काम कोणतं चालतं, हे पाहिल्याशिवाय त्या टक्क्यांना काही अर्थ नाही. योग्य नळावर एरेटर फार कामाचा आहे, काही नळांवर त्याचा उपयोग शून्य आहे, आणि एका ठिकाणी तो बसवूच नये. तिन्ही गोष्टी खरेदीआधी कळायला हव्यात.

आधी आत काय असतं ते पाहू. एरेटर काढून तळहातावर पालथा केला की तीन भाग सुटे होतात: बाहेरचं धातूचं कडं, रबरी वॉशर आणि मधली प्लॅस्टिकची कॅसेट. कॅसेटच्या वरच्या तोंडाला कचरा अडवणारी बारीक जाळी असते. तिच्याखाली छिद्रांची चकती असते. या छिद्रांतून पाणी जोरात बाहेर पडतं, तिथला दाब उतरतो आणि कडेच्या फटींतून हवा आत ओढली जाते. खालच्या जाळ्यांत पाणी आणि हवा मिसळून पांढरी, मऊ, फुगीर धार बनते. पाणी कमी असूनही धार भरगच्च दिसते आणि हाताला तशीच लागते. शिवाय ती सिंकमध्ये आपटून अंगावर उडत नाही. हा फायदा वेष्टनावर क्वचितच लिहिलेला असतो, पण रोज जाणवणारा तोच.

खरेदीआधी एकच मोजमाप करा. एक लिटरच्या खुणेचा मग नळाखाली धरा, नळ पूर्ण उघडा आणि खूण गाठायला किती सेकंद लागतात ते पाहा. ६० ला त्या सेकंदांनी भागलं की लिटर प्रतिमिनिट हा प्रवाह मिळतो. पाच सेकंदांत मग भरला तर १२ लिटर, दहा सेकंदांत भरला तर सहा, वीस सेकंद लागले तर तीन. घरातला प्रत्येक नळ वेगळा मोजावा, कारण एकाच घरात स्वयंपाकघरातला नळ आणि बेसिनचा नळ यांत दुपटीचा फरक निघू शकतो. प्रवाह १० च्या वर असेल तर एरेटरला भरपूर वाव आहे. सहाच्या आसपास असेल तर बचत थोडीच होईल. चारच्या खाली असेल तर बचतीसाठी काही विकत घेऊ नका. तिथे धार नीट करायला साधी जाळी पुरते.

आता काम कोणतं ते. नळाखालची कामं दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात पाणी वाहत राहतं आणि आपण त्याखाली काहीतरी धरतो: हात धुणं, चूळ भरणं, भांडं विसळणं, पालेभाजी धुणं. इथे पाणी वेळेच्या हिशोबाने जातं, म्हणून प्रवाह निम्मा केला की पाणीही जवळजवळ निम्मं लागतं. हात धुताना नळ वीस सेकंद उघडा राहिला तर १२ लिटरच्या प्रवाहाने चार लिटर जातात, पाचच्या प्रवाहाने पावणेदोन लिटरसुद्धा जात नाहीत. दुसऱ्या प्रकारात आपल्याला ठरावीक माप हवं असतं: बादली, पातेलं, पाण्याची बाटली, कुंड्यांची झारी. १५ लिटरची बादली कोणत्याही नळाने भरली तरी १५ लिटरच घेते. १२ च्या प्रवाहाने ती सव्वा मिनिटात भरते, पाचच्या प्रवाहाने तीन मिनिटं लागतात. एक थेंबही वाचत नाही, फक्त खोळंबा होतो. उलट बादली लावून माणूस दुसऱ्या कामाला जातो आणि ती वाहून जाते, हा नवा धोका तयार होतो. म्हणून बाथरूमच्या बादलीच्या नळाला, वॉशिंग मशीनच्या नळाला आणि बागेच्या नळाला एरेटर लावू नये. ‘घरातल्या सगळ्या नळांसाठी’ म्हणून आठ-दहा नगांचा संच घेणाऱ्यांचे निम्मे नग याच कारणाने वाया जातात.

स्वयंपाकघरातल्या सिंकवर दोन्ही कामं चालतात, म्हणून तिथली निवड जरा विचाराने करावी लागते. तिथे सहा ते आठ लिटरचा एरेटर ठीक. त्याहून चांगला म्हणजे दोन धारांचा, मान वळणारा प्रकार: एका स्थितीत भरीव धार, दुसऱ्या स्थितीत फवारा. पातेलं भरायला धार, विसळायला फवारा. याची मान सारखी वळवल्याने सांध्यातली रबरी रिंग झिजते आणि तिथून पाणी पाझरायला लागतं. त्यामुळे अशी रिंग सुटी मिळते का, हे घेतानाच पाहावं.

ज्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त निराशा होते तो म्हणजे दाब. वेष्टनावरचा प्रवाह बहुतेक वेळा तीन बार (बार हे दाबाचं एकक) दाबाला मोजलेला असतो, अमेरिकी मापांत ६० पीएसआयला, म्हणजे सुमारे चार बारला. छतावरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब उंचीवर ठरतो: दहा मीटर उंचीला साधारण एक बार. टाकीतलं पाणी नळाच्या तीन मीटर वर असेल तर तिथे जेमतेम ०.३ बार मिळतो. ठरावीक छिद्रांच्या साध्या एरेटरमधून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे दाब एक दशांश झाला की प्रवाह जवळपास एक तृतीयांशावर येतो. तीन बारला आठ लिटर देणारा एरेटर ०.३ बारला अडीच लिटरच देतो. सहा लिटरचा दोनच्याही खाली जातो, आणि हवा ओढण्याइतका जोर न उरल्यामुळे धार पांढरी न होता तुटक, वाकडी पडते. त्याच इमारतीत टाकीपासून १२ मीटर खाली राहणाऱ्याला १.२ बार मिळतो आणि तोच आठ लिटरचा नग पाच लिटर देतो, अगदी हवा तसा. पाइपातली घर्षणाची घट यात धरलेली नाही, ती धरली तर प्रवाह आणखी थोडा कमी. एकाच वस्तूला एक जण पाच तारे देतो आणि दुसरा एक, त्यामागचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. दोघंही खरंच लिहितात.

यावर उपाय म्हणून दाब सांभाळणारा एरेटर मिळतो. त्याच्या कॅसेटमध्ये रबराची एक बारीक ओ-रिंग खाचांच्या चकतीवर बसवलेली असते. दाब वाढला की रिंग दबून खाचांत शिरते आणि पाण्याची वाट अरुंद होते. दाब उतरला की रिंग पुन्हा सैल होते आणि वाट मोकळी होते. त्यामुळे साधारण एक बारच्या वर दाब कितीही बदलला तरी प्रवाह जवळजवळ तेवढाच राहतो. सकाळी पंप चालू असताना नळ धो धो आणि दुपारी मंद, अशा घरांत हाच घ्यावा. एक बारच्या खाली मात्र हाही फार काही करत नाही, तो दाब निर्माण करत नसतो. ओळखायची खूण सोपी आहे: कॅसेट वरून पाहिली की मधल्या गोल खाचेत काळी किंवा रंगीत रबरी रिंग दिसते. साध्या नगात तिथे नुसती छिद्रं दिसतात. स्वस्त ‘वॉटर सेव्हर’ उघडून पाहिले तर कित्येकदा मध्ये एकच भोक असलेली चकती निघते. ती प्रवाह कमी करते हे खरं, पण दाब जसा बदलेल तशी धारही बदलत राहते.

वेष्टनावर लिटर नसून ‘जीपीएम’ असेल तर ते गॅलन प्रतिमिनिट. २.२ म्हणजे ८.३ लिटर, १.५ म्हणजे ५.७, १.० म्हणजे ३.८ आणि ०.५ म्हणजे १.९ लिटर. अमेरिकेत पाणी वाचवणाऱ्या वस्तूंना मिळणाऱ्या ‘वॉटरसेन्स’ खुणेची बेसिनच्या नळांसाठीची अट विचारपूर्वक केलेली आहे: ६० पीएसआयला १.५ गॅलनपेक्षा जास्त नको, आणि २० पीएसआयला, म्हणजे सुमारे १.४ बारला, ०.८ गॅलनपेक्षा कमी नको. दुसरी अट महत्त्वाची, कारण कमी दाबालाही नळ वापरण्याजोगा राहिला पाहिजे हे तिच्यात मान्य केलं आहे. ज्या वेष्टनावर फक्त कमाल प्रवाह लिहिलाय आणि दाबाचा उल्लेखच नाही, तो नग घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

धारेच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. फेसाळ धार घरासाठी सगळ्यात सोयीची. काचेसारखी सलग, हवा न मिसळलेली धार देणारा प्रकार रुग्णालयांत वापरतात, कारण तिथे खोलीतली हवा पाण्यात ओढली जाऊ नये असं पाहिलं जातं. घरात कमी दाब असेल तर हाही चालतो, कारण हवा ओढण्यासाठी लागणाऱ्या जोरावर तो अवलंबून नसतो. तिसरा फवाऱ्याचा, दोन लिटरच्या आतबाहेरचा. फक्त हात धुण्याच्या बेसिनला छान. तोंडावरचा साबण काढायला कमी पडतो आणि तेलकट भांड्यासमोर हात टेकतो. धुक्यासारखे तुषार सोडणारे काही नग ९० टक्क्यांहून जास्त बचतीचा दावा करतात. मिनिटाचा हिशोब पाहिला तर तो चुकीचा नाही, पण साबण निघायला तीन-चारपट वेळ लागत असेल तर बचतीतला मोठा भाग तिथेच जातो.

माप चुकलं की सगळंच अडतं. नळाच्या तोंडाला आटे आतून असतील तर बाहेरून आटे असलेला एम २४ (म्हणजे २४ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचा) एरेटर लागतो, बाहेरून असतील तर आतून आटे असलेला एम २२. हीच दोन मापं सगळ्यात जास्त चालतात, आणि दोन्हीकडे बसणारं अडॅप्टर कडंही मिळतं. नळाच्या आत दडलेले, बाहेरून कडं न दिसणारे एरेटर लहान मापांचे असतात, एम १६.५, १८.५, २१.५ आणि २४, आणि ते काढायला दातेरी प्लॅस्टिकची किल्ली लागते. नळासोबत आलेली ही किल्ली बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी कचऱ्यात जाते. अंदाजाने माप घेऊ नका, जुना एरेटर काढून व्हर्नियरने मोजा किंवा दुकानात सोबतच न्या. जुन्या नळांचं तोंड नुसतं गुळगुळीत असतं, आटेच नसतात. त्यांच्यावर स्क्रूने आवळायचे रबरी नळकांड्यांचे प्रकार मिळतात, पण जोराच्या दाबाला ते निसटतात. तिथे नळ बदलणं बरं.

बसवण्याचं काम सोपं आहे, पण घाईत तीन चुका होतात. सिंकच्या भोकावर आधी बूच किंवा फडकं टाका, वॉशर एकदा आत गेला की गेला. कडं कपड्यात धरूनच पक्कड लावा, नाहीतर क्रोमवर दात उमटतात. आणि दिशा नीट समजून घ्या: खालून नळाच्या तोंडाकडे पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं की एरेटर सुटतो. वरून पाहताना तीच दिशा घड्याळाची दिसते, आणि तिथेच फसगत होऊन लोक सोडवण्याऐवजी आणखी आवळत बसतात. क्षाराने गच्च धरला असेल तर पातळ व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास नळाच्या तोंडाला गुंडाळून ठेवा. जुना निघाला की नवा लावण्याआधी नळ पूर्ण उघडून दहा-पंधरा सेकंद पाणी सोडा, म्हणजे नळीतली रेती आणि गंज नव्या जाळीत अडकणार नाही. आत चुकून राहिलेला जुना वॉशर बोटाने चाचपून काढा. दोन वॉशर एकावर एक बसले की कडेने गळती ठरलेली. टेफ्लॉन टेप लावायची गरज नाही, इथे पाणी वॉशर अडवतो. हाताने घट्ट, वर पकडीने जेमतेम अष्टमांश फेरा, बस्स. प्लॅस्टिकच्या आट्यांचा नग असेल तर पकड लावूच नका, आटे चढतात आणि पुढे नळाचेही आटे बिघडतात. पितळी कडं आणि आत प्लॅस्टिकची कॅसेट ही जोडी सगळ्यात चांगली. पितळी आटे टिकतात, आणि धातूच्या जाळीपेक्षा प्लॅस्टिकवर क्षार कमी चिकटतो.

काही महिन्यांनी प्रवाह मंदावतो आणि ‘खराब झाला’ म्हणून एरेटर फेकला जातो. खराब तो बहुतेक वेळा झालेलाच नसतो. उघडून पाहा: वरच्या जाळीवर वाळूचे कण, गंजाचे तांबूस पापुद्रे, झिजलेल्या वॉशरचे काळे तुकडे, आणि छिद्रांच्या कडांना पांढरट क्षार. पाइपलाइनच्या दुरुस्तीनंतर किंवा बंद पडलेला पुरवठा पुन्हा सुरू झाल्यावर जो गढूळ लोट येतो, तो सगळा इथे अडकतो. म्हणून अशा वेळी एरेटर काढून पाणी आधी स्वच्छ होऊ द्यावं. कण काढायला कॅसेट उलटी धरून धारेखाली धुवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. टाचणीने छिद्रं टोकरू नका, ती मोठी होतात आणि प्रवाहाचं माप बिघडतं. क्षारासाठी कपभर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड घालून अर्धा तास ठेवा, हट्टी असेल तर तासभर. रात्रभर ठेवू नका, ओ-रिंग आणि क्रोम दोन्हींना ते मानवत नाही. शौचालयासाठीचं ॲसिड तर अजिबात नको, क्रोमचा थर सोलून निघतो. आणि कुठलंही ॲसिड ब्लीचमध्ये मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. जड पाणी असेल तर महिन्यातून एकदा, नाहीतर तीन महिन्यांतून एकदा ही सफाई पुरे. आतल्या भागाला हात बुळबुळीत लागला तर ते जिवाणूंचे थर असतात, ते घासून काढल्याशिवाय परत बसवू नये. ओ-रिंग बोटात दाबून पाहा: कडक झाली असेल किंवा तडे दिसत असतील तर नुसती कॅसेट बदला, कडं तेच ठेवा.

आता गरम पाणी. वाहत्या पाण्यावर चालणाऱ्या तात्काळ हीटरला पेटायला किमान प्रवाह लागतो, बहुतेकांना दोन ते तीन लिटर. त्याच्या नळावर दोन लिटरचा एरेटर लावला की हीटर पेटतो-विझतो किंवा पेटतच नाही. तिथे पाचच्या खाली जाऊ नये. दुसरं, गरम पाण्याची वाट पाहताना जे थंड पाणी सोडून द्यावं लागतं, ते एरेटरने कमी होत नाही. १५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या १२ मीटर पाइपात सुमारे दोन लिटर पाणी असतं, ते बाहेर पडल्याशिवाय गरम पाणी पोचत नाही. १२ च्या प्रवाहाने ते दहा-अकरा सेकंदांत येतं, तीनच्या प्रवाहाने पाऊण मिनिट लागतं. हे पाणी मगात धरून वापरावं. विजेचा फायदा मात्र पक्का आहे: रोज दहा लिटर गरम पाणी कमी लागलं आणि ते २५ अंशांनी तापवलेलं असेल, तर दिवसाला सुमारे ०.२९ युनिट वीज वाचते.

आणि धोक्याची जागा हीच आहे. सिंकखाली किंवा भिंतीवर बसणारे काही साठवणीचे छोटे हीटर ‘उघड्या तोंडाचे’ असतात. त्यांची टाकी दाब सोसायला बनवलेली नसते, आणि तापून फुगलेलं पाणी नळाच्या तोंडातूनच बाहेर पडायला मोकळी वाट हवी असते. त्या तोंडावर एरेटर बसवून वाट अरुंद केली, किंवा क्षाराने ती बुजली, तर टाकीत दाब साठतो आणि टाकी फुटू शकते. हीटरच्या माहितीपत्रात नळाच्या तोंडाला काही जोडू नये असं लिहिलं असेल, तर तिथे एरेटर नको, कमी प्रवाहाचाही नको आणि साधाही नको.

एरेटरकडून नको ती अपेक्षा ठेवू नका. ठिबकणारा नळ तो थांबवत नाही. नळ बंद केल्यावर जाळीत अडकलेलं पाणी म्हणून चार-सहा थेंब पडणं ठीक, पण पाच मिनिटांनंतरही ठिबकत असेल तर नळाचा वॉशर किंवा कार्ट्रिज गेलं आहे. सेकंदाला एक थेंब आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला चार लिटरहून जास्त, वर्षाला दीड हजारांच्या वर लिटर जातात. फ्लशची टाकी आतून गळत असेल तर त्याहून कितीतरी जास्त पाणी मूकपणे जातं. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकून अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर एरेटर मागवण्याआधी टाकीच्या तळाचं रबर बदला. आणि दात घासताना दोन मिनिटं नळ उघडा राहिला तर १२ च्या प्रवाहाने २४ लिटर जातात, पाचच्या एरेटरने दहा लिटर, आणि नळ बंद ठेवून मगाने चूळ भरली तर अर्धा लिटर.

घ्यायचाच असेल तर माझी निवड अशी: बेसिनला दाब सांभाळणारा चार ते पाच लिटरचा, सिंकला सहा ते आठ लिटरचा दोन धारांचा, आणि दाब अर्ध्या बारच्या आत असेल तर कुठेच नाही. बसवल्यावर त्याच मगाने पुन्हा मोजा आणि मिळालेले सेकंद चिकटपट्टीवर लिहून बेसिनच्या खालच्या बाजूला लावून ठेवा. पुढे कधी मग भरायला त्याच्या दीडपट वेळ लागायला लागला की जाळी उघडून धुवायची वेळ झाली.